वृंदावनातली वांदर रोटी

१

खर्ड्यात त्या साली दिवसाची सुरुवात देवापासून होत नसे, रांजणापासून होई. शरच्चंद्रपंत अष्टपुत्रे उठले की आधी रांजणावरची फळी सरकवत, आत डोकावत, आणि मग उरलेल्या जगाकडे वळत. तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून हयात गेलेल्या माणसाला वाटप काही नवीन नव्हतं. तेव्हा ते दुसऱ्यांच्या जमिनींचे हिस्से पाडत, आता घरच्या पाण्याचे पाडत होते. हे पिण्याचं, हे स्वयंपाकाचं, हे अंग पुसायचं. फरक इतकाच, की जमिनीच्या वाटपात भांडायला सगळी भावकी यायची. इथे भांडायला फक्त बायको होती आणि ती भांडत नव्हती.

भांडण्याचा हक्क खरं तर तिचाच होता. प्रेमलाबाईंना डायबेटीस. सरकारनं दुष्काळ जाहीर करायच्या कितीतरी आधी तो त्यांच्या घशात पडला होता. भांडंभर पाणी प्यायल्या की दुसऱ्या भांड्याची तहान लागायची. आपल्या वाट्याचं दुपारीच संपायचं, मग त्या माजघरात जाऊन हळूच फळी सरकवायच्या. बाहेर ओट्यावर बसलेल्या पंतांना ती फळी ऐकू यायची आणि ते मुद्दाम मोठ्यानं खाकरायचे, म्हणजे आपल्याला ऐकू आलं नाही असं तिला वाटावं. नंतर ते स्वतः कमी प्यायचे. हिशेब जुळत असे.

जुळत नव्हती ती एकच गोष्ट. सकाळी अंग पुसून झालं की प्रेमलाबाई आपल्या वाट्यातलं भांडंभर पाणी घेऊन अंगणात जात आणि तुळशीला घालत. तुळस संक्रांतीनंतरच गेली होती. वृंदावनात एक काळपट काटकी उभी होती.

"वाळलीय ती," पंत म्हणाले.

"दिसतंय मला."

"मग पाणी कुणाला घालतेस? लाकडाला?"

"जागेला," प्रेमलाबाई म्हणाल्या, आणि पदरानं ओठ टिपले. ओठ कोरडेच होते.

मुलगा पिंपरीला, कंपनीत. तिथे नळाला पाणी होतं. 'निघून या' म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर त्याचे निरोप यायचे. प्रेमलाबाईंचं उत्तर ठरलेलं होतं. तुळस कुणाच्या जिवावर टाकायची?

वाळलेल्या काटकीसाठी नळ सोडणारी ही बाई या उन्हाळ्यातून पार पडणार नाही, हे पंतांना स्वच्छ दिसत होतं. तिला आपल्या वाट्याचं पाणी आपल्याच घशाखाली उतरवायला लावायचं, एवढं एकच काम त्यांच्यापुढे होतं.

२

माणसांचं वर्गीकरण पंतांना कधी साधलं नव्हतं, म्हणून निवृत्तीनंतर ते झाडांकडे वळले होते. झाडं अर्ज करत नाहीत, वशिला आणत नाहीत, आणि एकदा कूळ ठरलं की अपिलात जात नाहीत. लिलावात घेतलेले दोन जाड इंग्रजी ग्रंथ, एक भिंग आणि एक चाकू एवढ्या भांडवलावर त्यांनी गावामागच्या बालाघाटाच्या टेकड्या पालथ्या घातल्या होत्या. दुष्काळी कामावर खडी फोडायला निघालेली माणसं त्यांना पिशवी घेऊन डोंगर चढताना बघत आणि माना हलवत. पंतही त्यांच्याकडे बघून मान हलवत. दोन्ही बाजूंचं समाधान होई.

ती वनस्पती त्यांना एका कड्याच्या खोबणीत दिसली. भोवतीचं गवत जळून राख झालेलं. बाभळीसुद्धा हाडकुळ्या. आणि त्या खोबणीत बोटाएवढ्या जाड, गुळगुळीत फांद्यांवर निळसर हिरवी, मांसल पानं अशी बसलेली, जणू त्यांच्यासाठी आदल्या रात्री वेगळा पाऊस पडून गेला होता.

पंतांनी फांदी कापली. चीक आला नाही, म्हणजे शेराचं झाड नव्हे. काटा नव्हता, म्हणजे निवडुंग नव्हे. शेंड्यावर गेल्या मोसमातलं एक वाळकं बोंड राहिलं होतं. ते चुरगाळल्यावर आतून पांढऱ्या रेशमाचे झुबके निघाले आणि वारा नसताना तरंगत गेले. हे झेंडू-शेवंतीच्या, सूर्यफुलाच्या घराण्यातलं. घरी येऊन ग्रंथ उघडला, तोही तेच म्हणाला. गावात हिला वांदर रोटी म्हणतात; डोंगरातली वांदरं हिची पानं आवडीनं खातात. उन्हाळ्यात पानं झाडून नुसती खुंटं उभी राहतात, असंही ग्रंथात होतं. चैत्र अर्धा सरला होता आणि हिचं एक पान गळलेलं नव्हतं. पंतांनी ग्रंथकाराला माफ केलं. तो विलायतेत बसून लिहीत होता.

असली झाडं ओल्या जखमेनं लावली तर कुजतात. आधी सावलीत ठेवून कापलेली जागा वाळू द्यायची, तिच्यावर साल धरली की कोरड्या वाळूमातीत उभी करायची आणि विसरून जायचं. पंतांनी फांदी माजघराच्या कोनाड्यात ठेवली. साल धरली तसे ते अंगणात गेले, वृंदावनातली काटकी उपटली आणि तिच्या जागी वांदर रोटी लावली.

"तुळशीच्या जागी हे?" प्रेमलाबाई उंबऱ्यातून म्हणाल्या.

"रिकामं बरं दिसत नाही. पुन्हा हिला पाणी लागत नाही. लागत नाही म्हणजे घातलं तर मरेल. तेव्हा उद्यापासून आपलं भांडं आपण प्यायचं. नाहीतर वृंदावनातलं हिरवं झाड मारल्याचं पाप तुझ्या माथी."

ही युक्ती सुचल्याचा त्यांना अभिमान वाटत होता. कचेरीतसुद्धा त्यांनी असाच एका नियमानं दुसरा नियम मारला होता.

प्रेमलाबाई भांडं घेऊन झाडापाशी आल्या. "लांबून आलंय," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी तरी पाणी विचारायला नको?"

आणि पंत नको म्हणायच्या आत त्यांनी भांडं ओतलं.

३

पहिल्या दिवशीचं पाणी रोजचं झालं. झाड कुजलं नाही. वाढलं. ज्या उन्हात घरावरचं माळवद फाटून भेगा पडत होत्या, त्या उन्हात ते फांद्या टाकत होतं. पंतांनी ग्रंथकाराला दुसऱ्यांदा माफ केलं.

डोंगरातलं सगळं संपल्यावर वांदरं गावात उतरली. त्यांनी लोकांच्या कुडांचा पाला ओरबाडला, देवळातले निर्माल्याचे हार खाल्ले, शाळेच्या भिंतीवरची वाळकी वेलसुद्धा सोडली नाही. पंतांच्या अंगणासमोरच्या भिंतीवर ती ओळीनं येऊन बसत. खाली वृंदावनात, हातभर अंतरावर, त्यांच्याच नावाची भाकरी हिरवीगार उभी. वांदरं बघत बसत. एकही खाली उतरत नसे.

भांडी घासायला येणारी लंकाबाई सकाळी खडीवर आणि दुपारी पंतांकडे असायची. घासायची म्हणजे राखेनं. पाण्याचं नावच नव्हतं.

"पंत, वांदरं शिवंनात की हो तुमच्या झाडाला! काय औषध मारलंया का?"

"त्यांना अजून त्याचं कूळ पटलेलं नसेल."

"कूळ कुटं बघतंय वांदर? काल माजं चिरगूट फाडून खाल्लं त्यांनी." लंकाबाई हसली आणि मग एकदम थांबली. "बगा तरी कशी बसल्यात. मयताला बसावं तशी."

त्या संध्याकाळी पंत माजघरात गेले, तर प्रेमलाबाईंचं पाण्याचं भांडं काठोकाठ भरलेलं होतं.

"प्यायली नाहीस?"

"तहान नव्हती."

"नव्हती म्हणजे?"

"म्हणजे नव्हती. तुम्ही घ्या."

कित्येक महिन्यांत हे वाक्य या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. पंतांनी भांडं उचललं. आधी थोडं, मग सगळं पाणी प्यायले. पोटात गार ओझं उतरलं आणि डोळ्यांत उगाच पाणी आलं. साखर उतरली असावी, त्यांनी मनात म्हटलं. पथ्याला यश आलं असावं. त्या रात्री फळी सरकल्याचा आवाज आला नाही आणि पंतांना खाकरावं लागलं नाही.

४

प्रेमलाबाई खरोखर बऱ्या दिसू लागल्या. गालांची हाडं बुजली. पायांची आग थांबली. हात तर असे गार, की पंत दुपारी निमित्त काढून ते हातात घेत. माठ घरी असून कोरडा, परक्यासारखा कोपऱ्यात उभा होता, त्यापेक्षा हे बरं. लंकाबाई म्हणाली, "काकू, लई टवटवीत दिसताय हो. आमाला बी सांगा काय खाता त्ये."

काय खाता, हाच प्रश्न होता. प्रेमलाबाई भाकरी करत, वाढत, आणि 'माझं झालं मघाशी' म्हणत. पंत ते ऐकून घेत. पण एकदा घासलेली भांडी लावताना लंकाबाई सहज बोलून गेली, "काकूंचं ताट-भांडं येतच न्हाई घासायला. येगळं ठिवता का काय?"

पंतांनी स्वतःला समजावलं. बाई काटकसरी आहे. पदरानं पुसून तेच ताट परत वापरत असेल. पण पोटभर पाणी पिऊनही त्यांना झोप लागेना, आणि ज्या कारकुनाला झोप लागत नाही तो चौकशी सुरू करतो. दुसऱ्या दिवशी प्रेमलाबाई अंगणात असताना त्यांनी आमटीत मूठभर मीठ टाकलं. मग आग्रह करून तिला समोर बसवलं.

प्रेमलाबाईंनी वाटी तोंडाला लावली आणि शांतपणे संपवली. "मीठ जरा जास्त पडलंय," त्या म्हणाल्या.

"पाणी घे ना."

"कशाला?"

चव घेतली म्हणून पंतांचाच घसा जळत होता. त्यांनी भांडं तिच्यापुढे सरकवलं. तिनं ते तितक्याच मायेनं त्यांच्यापुढे सरकवलं. दोघांच्या मधे ते भांडं बराच वेळ उभं राहिलं, आणि शेवटी कोण प्यायलं हे सांगायला नको.

दुपारी त्या आता आत थांबत नसत. वृंदावनाशेजारच्या दगडी पायरीवर, भर उन्हात, पाय खाली फरशीवर सोडून बसत. पंत ओरडले, "चक्कर येईल!" तर म्हणाल्या, "इथं बरं वाटतं." पायरीवर हात ठेवून पंतांनी पाहिलं. तवा होता. त्यांनी तिच्या दंडाला हात लावला. दंड गार होता.

५

जामखेडचे डॉक्टर विनोदी होते. दुष्काळात डॉक्टरकी करायची तर दुसरा इलाज नव्हता.

त्यांनी तपासायला लघवी मागितली. प्रेमलाबाई रिकामी बाटली घेऊन परत आल्या.

"होत नाही," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"आठवत नाही."

डॉक्टरांनी भुवया चढवल्या. तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. शोष पडलेल्या माणसाची कातडी तशीच उभी राहते. ही क्षणात बसली. जीभ पाहिली. ओली. नाडी पाहिली, आणि ती मोजताना दोनदा घड्याळ कानाला लावलं.

"कुत्रं वगैरे चावलं होतं का यांना?"

"नाही."

"पाण्याची भीती वाटते?"

"भीती कसली?" प्रेमलाबाई म्हणाल्या. "नको वाटतं, एवढंच. तुम्हाला जेवल्यावर जेवण नको वाटतं तसं."

"मग मी काय औषध देऊ? पंत, तालुक्यातल्या सगळ्या बायका अशा झाल्या तर सरकारचे टँकर वाचतील." पंत हसले नाहीत. तेव्हा डॉक्टरांनी चष्मा काढला आणि आवाज उतरवून म्हणाले, "घाबरण्यासारखं काही नाही. म्हणजे, घाबरायचं ते नेमकं कुठे आहे हे मला सापडत नाही. पाणी पाजा. चमच्यानं पाजा, धरून पाजा. पण पाजा."

परतीच्या एस.टी.त प्रेमलाबाईंनी उन्हाची बाजू धरली. डोळे मिटून त्या खिडकीला बसल्या. दमली असेल, झोपू दे, असं पंतांना वाटलं. रस्ता वळणावळणाचा. गाडी डावीकडे वळली तशी त्यांची मान सावकाश उजवीकडे गेली. गाडी उजवीकडे वळली तशी डावीकडे आली. गाडीच्या हिसक्यानं होत असेल, पंतांनी विचार केला. पण हिसक्यानं सगळ्यांच्या माना कलून लगेच परत येत होत्या आणि हिची वळलेलीच राहत होती. गाडी कशीही वळो, प्रेमलाबाईंचं मिटल्या डोळ्यांचं तोंड सूर्याच्या समोरून हललं नाही.

त्यांनी तिच्या तोंडापुढे स्वतःचा हात धरला. सावली पडली. तिच्या कपाळावर बारीकशी आठी उमटली आणि सावलीतून बाहेर पडायला तिचं डोकं किंचित पुढे सरकलं.

पंतांनी हात काढून घेतला. समोरच्या बाकावरचा माणूस विचारत होता, खर्डा किती राहिलं म्हणून. त्याला उत्तर देताना त्यांचा आवाज नीट निघाला, याचं त्यांना स्वतःला नवल वाटलं.

६

वांदर रोटीला ऐन वैशाखात फुलं आली. ग्रंथाप्रमाणे ती थंडीत यायला हवी होती. तिसऱ्यांदा माफ करण्याच्या मनःस्थितीत पंत नव्हते. ते भिंग घेऊन वृंदावनापाशी वाकले.

या कुळाची खूण हीच. ज्याला आपण एक फूल म्हणतो ते एक नसतं. एका बोंडात शेकडो इवलाली फुलं दाटीवाटीनं उभी असतात आणि बाहेरून एकच असल्याचं भासवतात. भिंगाखाली ती दिसत होती. फिकट पिवळी, ओठ उघडलेली. कूळ बरोबर होतं. ओळख बरोबर होती. अशा वेळी पंतांना जो आनंद व्हायचा तो मात्र झाला नाही. सगळी बोंडं एका बाजूला वळली होती. सूर्याकडे नव्हे, पायरीकडे.

पायरीवर प्रेमलाबाई बसल्या होत्या.

दुपार टळटळीत होती. गाव निपचित. भिंतीवरची वांदरं गेल्या काही दिवसांत दिसेनाशी झाली होती. त्या शांततेत पंतांना एक आवाज ऐकू आला. भेगाळलेल्या जमिनीवर पाणी ओतलं की माती ते ओढून घेते, तेव्हा येतो तसा. बारीक, चुरचुरता, अधाशी. आवाज पायरीखालून येत होता. तिथे पाणी नव्हतं. सकाळच्या भांड्यानंतर अंगणात पाण्याचा थेंब सांडलेला नव्हता.

"काही ऐकू येतंय का तुला?" त्यांनी विचारलं.

"नाही बाई," प्रेमलाबाई डोळे न उघडता म्हणाल्या. त्या बोलल्या तेव्हा आवाज थांबला होता. मग पुन्हा सुरू झाला.

पंतांनी भिंग खाली ठेवलं. आपण शिकलेलो आहोत, त्यांनी स्वतःला सांगितलं. उन्हानं कानात आवाज येतात. झाडं प्रकाशाकडे वळतात आणि भिंतीवरून परतणारा उजेड पायरीच्या बाजूला जास्त असेल. हे सगळं रीतसर मांडून झाल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी ते झाड बुंध्याशी धरलं आणि ओढलं.

ते इतक्या सहज आलं, की पंत मागच्या मागे बसले.

मुळं नव्हती. खालचं टोक त्यांनी चाकूनं कापलं होतं तसंच सपाट होतं. त्यावर कोनाड्यात धरलेली कोरडी साल तशीच. एक तंतू फुटलेला नाही. वृंदावनातली माती वाळलेली, मोकळी. इतके दिवस रोज ओतलेल्या पाण्याचा तिच्यात मागमूस नव्हता. झाड जमिनीत लागलंच नव्हतं. आणि ते हातात जड होतं, फुललेलं होतं.

पंतांनी ते भिंतीपलीकडे लांब फेकून दिलं. हात धोतराला पुसले, पुन्हा पुसले. मग बायकोकडे बघायचं धाडस केलं. ती रडेल, चिडेल, निदान तुळशीच्या जागेचं काहीतरी बोलेल.

"काढलंत?" प्रेमलाबाई म्हणाल्या. "बरं केलंत. आता त्याचं तसं काम नव्हतंच."

७

पिंपरीला जायचं त्यांनी त्याच घटकेला ठरवलं. संध्याकाळी वळकटी बांधली, सकाळच्या गाडीसाठी लवकर उठले. प्रेमलाबाई अंथरुणात नव्हत्या. अंथरूण मोडलेलंही नव्हतं. त्या पायरीवर बसल्या होत्या, आणि त्यांच्या लुगड्याच्या निऱ्या फरशीवर पसरून पावलं झाकलेली होती.

"ऊठ. गाडी चुकेल."

"तुम्ही पुढे व्हा."

"हे काय भलतंच? ऊठ म्हणतो ना!"

"पाय उचलत नाहीत हो," त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती. भात झालाय, असं सांगावं तसं सांगितलं.

मुंग्या आल्या असतील. रात्रभर एका जागी बसल्यावर कुणाच्याही पायाला येतील. पंतांनी काखेत हात घालून उचलून पाहिलं. ती बाई कधी जड नव्हती; आज ती पायरीचाच एक दगड होती. तेवढ्यात लंकाबाई आली. खडीच्या कामाला सुट्टी होती.

"लंकाबाई, जरा हात लाव. काकूंच्या पायाला मुंग्या आल्यात."

"व्हय व्हय, आले. काकू, आवं पोराकडं निगालात, आन् असं हटून काय बसलाय? सासरी निगाल्यागत!" लंकाबाई हसत हसत खाली बसली. "पंत, तुमी वर धरा. मी पाय सोडवते."

पंतांनी वरून ओढलं.

"ओढू नका," प्रेमलाबाई हसल्या. "दुखतंय."

लंकाबाईनं निऱ्या बाजूला सारल्या आणि एक हात पावलाखाली घालायला गेली. पंतांना वरून फक्त तिची पाठ दिसत होती. ती पाठ थांबली. मग लंकाबाईनं हात काढून घेतला, हळूच, झोपलेल्या मुलाच्या डोक्याखालून काढावा तसा. निऱ्या होत्या तशा नीट पसरल्या. ती उठली.

"काय आहे? काय झालं?"

ती पंतांकडे बघत नव्हती. आपल्या हाताकडे बघत होती. हात ओला होता.

"लंकाबाई!"

"पंत," ती म्हणाली, "तुमी जावा पोराकडं. येकटं जावा."

"आणि हिला?"

"काकू सुखात हायत," लंकाबाई म्हणाली. ती मागे मागे सरत दारापर्यंत गेली आणि मग पळाली. मोठ्या शरीराची ती बाई त्या बोळातून पळताना पंतांनी पाहिली. ओला हात तिनं अंगापासून लांब धरला होता.

एस.टी.चा हॉर्न वेशीकडून आला आणि विरला. निऱ्या बाजूला करून आपण स्वतः बघायला हवं, हे पंतांना कळत होतं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याच्या तोंडी अहवालावर कधी सही केली नव्हती. ते खाली वाकले. निऱ्यांपर्यंत हात गेला. तिथेच तो राहिला, आणि थोड्या वेळानं त्यांनी तो परत घेतला.

८

त्यानंतर घराकडे कुणी आलं नाही. टँकर आला तेव्हा पंतांनी एकट्यानं विहिरीवरून अर्धी कळशी आणली. गर्दीनं त्यांना जागा करून दिली, आणि ती जागा आदराची नव्हती.

त्यांनी चमचा घेतला. डॉक्टरांनी सांगितलं होतं ते सगळं केलं. गोडीनं सांगितलं, शपथ घातली, हनुवटी धरून पाजलं. पाणी ओठांवरून गळ्यावर आलं आणि गळ्यावरच जिरलं. प्रेमलाबाई आता फार बोलत नव्हत्या. बोलल्या की शब्द लांबून आल्यासारखे वाटत. आवाज तिचाच, पण एका दमात अनेकींनी थोडं थोडं उचलून आणलेला.

"एक घोट," पंत म्हणाले. उन्हात तिच्याशेजारी बसून त्यांचे स्वतःचे ओठ फुटले होते. "माझ्यासाठी नको. तुला म्हणून घे. एक घोट घेतलास की मी काही विचारणार नाही. इथंच राहू. जन्मभर इथं राहू."

ऊन डोक्यावर आलं. पंतांना ग्लानी येत होती. पायरीखालचा तो आवाजही बंद पडला होता, आणि तो बंद पडल्यावर त्यांना तो हवासा वाटू लागला होता.

"अहो," प्रेमलाबाई म्हणाल्या.

पंत दचकून जागे झाले. तिचे डोळे उघडे होते. कितीतरी दिवसांनी ती त्यांच्याकडे बघत होती, आणि नजर तिची होती. लग्न झाल्यापासून ओळखीची.

"पाणी द्या ना. फार तहान लागलीय."

पंत धावले. या वयात माणूस धावतो हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. उंबऱ्याला ठेच लागली, फळी हातातून पडली, रांजणात कोपरापर्यंत हात घालून त्यांनी भांडं भरलं. थेंब न सांडता ते बाहेर आले. रडत होते आणि हसत होते. "घे," ते म्हणाले, "सावकाश घे. ठसका लागेल."

प्रेमलाबाईंनी दोन्ही हातांनी भांडं घेतलं. त्या गोड हसल्या. मग तोंडाकडे न नेता त्यांनी ते हळूहळू खाली आणलं, निऱ्या गुडघ्यांपर्यंत वर केल्या आणि पाणी आपल्या पावलांवर ओतलं.

पंतांनी पावलांकडे पाहिलं नाही. त्यांनी फरशीकडे पाहिलं. काळ्या दगडाची घडीव फरशी. तिच्यावर भांडंभर पाणी ओतलं तर ते चहूकडे पसरतं, उताराला लागतं, सांध्यांतून वाहतं. पाणी पसरलं नाही. एक ओघळ बाहेर आला नाही. भांडं रिकामं झालं तेव्हा फरशी पांढऱ्या धुळीनं भरलेली तशीच कोरडी होती, आणि कानाला तो आवाज आला, चुरचुरता, भरपूर, पायरीखालून, मग वृंदावनाखालून, मग घराच्या जोत्याखालून, लांब लांब जाणारा.

"आणखी," प्रेमलाबाई म्हणाल्या. भांडं त्यांच्या हातून निसटून घरंगळलं.

पंतांनी ते उचललं. आत गेले. रांजण तिरका करून तळाशी होतं ते गाळासकट भांड्यात घेतलं. भांडं घामेजलेल्या हाताला गार लागत होतं आणि त्यांची जीभ टाळूला चिकटली होती. एवढं पाणी त्यांनी तोंडापर्यंत आणलं. वासही आला. मग ते बाहेर आले.

प्रेमलाबाईंचे डोळे मिटलेले होते. तोंड वर, सूर्याकडे. भांडं घ्यायला हात पुढे आला नाही.

"प्रेमला," त्यांनी हाक मारली. एवढ्या वर्षांत त्यांनी तिला नावानं हाक मारली नव्हती. "कुठं ओतू?"

शरच्चंद्रपंत खाली वाकले. मग गुडघे टेकून, डोळे घट्ट मिटून, हातानं चाचपत, जिथे गार लागलं तिथे त्यांनी ते सगळं ओतलं.